पांढरं दिसलं की मारू नका, आधी उलटं करून बघा

"ताई, आम्ही ऐरोलीला सातव्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये मिळून बावीस कुंड्या आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून नुसते किडेच किडे झालेत. जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय आणि त्यात पांढरे केसाळ किडे फिरतात. मनीप्लँटच्या मातीतून बारीक काळ्या माश्या उठतात आणि टीव्हीसमोर येतात. मिरचीवर काळी-नारिंगी मगरीसारखी अळी बघून मुलगी रडायलाच लागली. कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलंय आणि ते हलतं. घाबरून झुरळांचा स्प्रे मारला तर अ‍ॅग्लोनिमाची पानंच करपली. सासूबाई म्हणतात सगळं नेऊन खाली सोसायटीच्या गार्डनमध्ये ठेव. काय मारायचं आणि काय नाही हे ओळखायचं कसं?"
– एक वाचक, ऐरोली

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटो झूम करकरून बघितले, आणि सासूबाईंना माझ्याकडून एवढाच निरोप द्या की पंधरा दिवस थांबा. बावीसपैकी फार तर पाच कुंड्यांना त्रास आहे, आणि त्यातल्या दोन ठिकाणी औषधपाणी करणारे तुमच्या आधीच येऊन कामाला लागलेत. तो झुरळांचा स्प्रे मात्र आजच्या आज आत ठेवून द्या. तो झाडांसाठी बनवलेलाच नाही, त्यातल्या सॉल्व्हंटनं पानं भाजतात आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणजे कीड मेली तर तिला खाणारे पण मेले, आणि मग कीड परत येते तेव्हा तिला अडवायला कोणी उरलेलं नसतं.

आधी ती मगर, कारण मुलगी रडली हे वाचून मला फार वाईट वाटलं. ती लेडीबर्डची अळी आहे. तो लाल किंवा पिवळसर, गोल, टरबुजाच्या अर्ध्या फोडीसारखा फुगीर किडा, ज्याला शेतकरी ढालकिडा म्हणतात, पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असतो तो, त्याचं हे लहानपण आहे. आपल्या भागात नागमोडी काळ्या रेघांचा पिवळा-नारिंगी पण खूप दिसतो, सगळ्यांना ठिपकेच असतात असं नाही. तर मिरचीचा शेंडा हातात धरून कोवळी पानं मागून बघा, टाचणीच्या डोक्याएवढे हिरवट किंवा काळपट किडे घोळक्यानं बसलेले असतील, तो मावा. पानं चिकट लागत असतील तर तीही माव्याचीच करामत. ही अळी तो मावा खायलाच आलीये, मोठी होईस्तोवर काही शे मावा एकटी फस्त करते. मग एक दिवस पानाला शेपटी चिकटवून अंग आखडून बसते, हलत नाही, लोकांना वाटतं मेली, ती मेलेली नसते, तो कोष असतो. पाच-सहा दिवसांत त्यातून लेडीबर्ड बाहेर येते, सुरवातीला फिकट पिवळी, रंग आणि ठिपके नंतर हळूहळू चढतात. मुलीला रोज शाळेतून आल्यावर हे बघायला लावा, भिंग असेल तर भिंगातून, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. ती चावत नाही, घरात पसरत नाही.

एक सांगून ठेवते पण. वांगं लावलं असेल तर तिथं एक तोतया येतो, लेडीबर्डसारखाच दिसणारा पण चकाकी नसलेला, मखमली, मळकट तांबडा, २८ ठिपक्यांचा, आणि त्याची अळी पिवळी, अंगभर काटे असलेली. हा पानातला हिरवा भाग खरवडून खातो, पानाची नुसती जाळी उरते. त्याला मात्र उचलून साबणाच्या पाण्यात टाका. चकचकीत तो आपला, मखमली तो परका, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

आता जास्वंद, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. काही वर्षांपूर्वी माझ्या जास्वंदीवर असाच कापूस आला होता. मी कापसाचा बोळा, स्पिरिट घेऊन बसले आणि तासभर एकेक पांढरा किडा पुसून काढला. त्यात मोठे, लांब झालरींचे, तुरुतुरु पळणारे होते ते तर मी आधी शोधून शोधून मारले, कारण मला वाटलं हेच आई-बाप असणार. आठवड्यानं कापूस दुप्पट. मग एका ओळखीच्या माळीकाकांनी एक उरलेला किडा काडीवर घेतला, उलटा केला आणि दाखवला. खाली राखाडी अंग, पुढं सहा मजबूत पाय, आणि तोंडात मिलीबगचं पिल्लू. तो मिलीबग नव्हताच, मिलीबग खाणाऱ्या लेडीबर्डची अळी होती ती. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. ते तोंडात धरलेलं पिल्लू मला आजही डोळ्यासमोर दिसतं, म्हणून प्रत्येकाला हात जोडून सांगते की पांढरं दिसलं की लगेच पुसू नका.

फरक असा बघायचा. मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, तीन-चार मिलिमीटरचा, चपटा लंबगोल, मैद्यात घोळवल्यासारखा असतो. पानाच्या देठापाशी, फांदीच्या बेचक्यात, कळीच्या तळाशी सोंड खुपसून बसलेला असतो आणि काडीनं ढोसलं तरी जेमतेम सरकतो. चिरडला तर बहुतेकदा गुलाबी-तांबूस पाणी येतं. मादीच्या मागे कापसाची पिशवी असते, त्यात शेकडो अंडी, म्हणून तर एका फवाऱ्यात हा कधीच संपत नाही. आणि ती मित्र अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी होते, अंगावरची पांढरी झालर लांब, विस्कटलेली, लोकरीच्या तुटक्या धाग्यांसारखी, आणि मुख्य म्हणजे ती चालते. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही, फांदीवरून खाली, खालून वर, शोधत फिरते. ह्यातली सगळ्यात नामी जात म्हणजे क्रिप्टोलेमस, मूळची ऑस्ट्रेलियाची, भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणलेली. द्राक्षवाले शेतकरी हिला चांगले ओळखतात, पैसे देऊन अळ्या विकत आणून बागेत सोडतात. हिचा मोठा झालेला किडा काळपट तपकिरी, डोकं आणि मान नारिंगी, मसुराच्या डाळीएवढा. हिच्या नात्यातले अजून बारीक, अगदी दोन मिलिमीटरचे देशी लेडीबर्ड पण आहेत, त्यांच्या अळ्याही अशाच पांढऱ्या झालरीच्या.

आणि अजून एक गंमत म्हणजे मिलीबग खाणारं एक फुलपाखरू पण आहे, एपफ्लाय नावाचं, सह्याद्रीत दिसतं. त्याची अळी पान न खाता मिलीबग खाते आणि त्यांचीच पांढरी पूड अंगावर घेऊन त्यांच्यातच लपते, आणि तिचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. कोणाला दिसला तर फोटो पाठवाच.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत डावीकडे खाली जे लांब झालरीचं दिसतंय ना, मला तरी ती अळीच वाटतेय. तरी तुम्ही काडीवर घेऊन उलटं करून बघा, दहा मिनिटं खुर्ची टाकून नुसतं बघत बसा. माझा साधा हिशोब हा आहे की जे बसून राहतं ते बहुतेक रस पिणारं असतं, कारण त्याचं जेवण पळून जाणार नसतं, आणि जे धावतं, शोधतं, थांबून तोंड घालतं ते बहुतेक शिकारी असतं. हा नियम शंभर टक्के नाही, फुलकिडे पण चपळ असतात, पांढरी माशी पान हलवलं की भुर्रकन उडते, आणि मुंग्या तर दिवसभर धावतच असतात, पण हात उचलायच्या आधी थांबायला एवढा नियम पुरतो.

मुंग्यांचं नाव निघालंच आहे तर सांगते, जास्वंदीवर मुंग्यांची रांग असणारच, बघा. मिलीबग, मावा, खवले कीड हे सगळे रस पिऊन जे गोड चिकट पाणी टाकतात ते मुंग्यांना हवं असतं, म्हणून मुंग्या किडीची राखण करतात, लेडीबर्डच्या अळीला चावून हाकलतात. म्हणजे मुंगी झाड खात नाही पण मित्राला काम करू देत नाही. त्यामुळं पहिलं काम मुंग्यांचा रस्ता तोडायचा, कुंडीच्या बाहेरून काठाखाली दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा ओढायचा आणि भिंतीला किंवा ग्रिलला टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा असं बरेच जण सांगतात, पण पावसाळ्यात ते नको, साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात. आहेत त्या ताटल्या पण दर दोन-तीन दिवसांनी ओतून घासून कोरड्या करा, नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. ते गोड पाणी पानावर साठलं की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी येते, ती ओल्या फडक्यानं पुसली जाते, तिच्यासाठी वेगळं औषध नको.

जास्वंदीवर अळी सापडली तर त्या फांदीला काहीही मारू नका, कडुनिंबाचं तेल पण नाही, कारण मऊ अंगाच्या मित्र अळ्यांनाही त्यानं त्रास होतो. बाकीच्या फांद्यांवर पाण्याच्या बारीक जोरदार धारेनं मिलीबग धुऊन काढा आणि कापूस फार झालेला शेंडा सरळ कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खाली गार्डनमध्ये टाकू नका, तिथल्या जास्वंदींना लागेल. मग उरलेले एकेक करून. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, इअरबड त्यात बुडवून मिलीबगला टेकवायचं, पांढरा मेण विरघळून तो तपकिरी पडतो, की गेला. आधी एका पानावर लावून एक दिवस बघा करपतं का, आणि जवळ देवाचा दिवा किंवा उदबत्ती चालू असताना हे अजिबात नको, अल्कोहोल झटकन पेटतं. सात दिवसांनी परत, मग परत, असं तीन-चार वेळा करायचं, कारण अंडी आठवडा-दहा दिवसांनी फुटत राहतात आणि नेमकं दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडलं की सगळं पहिल्यापासून.

जिथं मित्र नाहीतच त्या झाडांना कडुनिंबाचं तेल चालेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, मग ५ मिली तेल, जोरात हलवून दुधासारखं झालं पाहिजे. ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूनं मारा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. आणि हो, नर्सरीतून ते मुळाशी टाकायचं, झाडाच्या रसात भिनणारं औषध कोणी दिलं तर तुळस, कढीपत्ता, मिरचीला ते कदापि नको, ती पानं आपण खातो आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. तुळशीला कीड लागली तर साधं पाणी, फार तर पातळ साबणपाणी आणि नंतर परत स्वच्छ पाणी, बस.

मनीप्लँटच्या काळ्या माश्यांकडे येते. त्या फंगस नॅट. दिसायला डासाच्या पिल्लासारख्या, लांब पायांच्या, पण चावत नाहीत, दोन-तीन मिलिमीटरच्या, आणि उडायला अगदी दुबळ्या, मातीजवळच घुटमळतात किंवा उजेडाकडे जातात, म्हणून टीव्ही. फळांवर, केळ्यावर बसणारी चिलटं वेगळी, त्यांचे डोळे लाल असतात आणि ती किचनमधून येतात, कुंडीशी त्यांचा संबंध नाही. फंगस नॅटची अळी मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरात असते, पारदर्शक पांढरी, डोकं चकचकीत काळं, बुरशी आणि कुजलेला पाला खाते आणि संख्या फार झाली तर कोवळी मुळंही. मोठ्या झाडाला ती फारसं काही करत नाही, रोपांना करते. खात्री करायची असेल तर कच्च्या बटाट्याची चकती कापून मातीवर दाबून ठेवा, दोन-तीन दिवसांनी उचलून खालून बघा, अळ्या तिथं जमलेल्या दिसतील, ती चकती टाकून द्यायची.

पण ह्या माश्या येतात कशामुळं? पाणी. जुलैमध्ये ऐरोलीत खाडीकडची हवा, खिडक्या बंद, ऊन नाही, कोकोपीट, म्हणजे कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा, आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि आपण सवयीनं रोज तांब्याभर पाणी घालतो. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही, मनीप्लँटला पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, कधी कधी तेही नाही. वरचा इंचभर थर कोरडा राहिला की अळ्या जगत नाहीत. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कार्ड मातीलगत खोचा. पण हेच कार्ड ग्रिलमध्ये उघड्यावर टांगू नका, तिथं लेडीबर्डही चिकटते. अंडी ते माशी तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा महिनाभर पाण्याचा हात आखडता ठेवावा लागेल, चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका.

अ‍ॅग्लोनिमाच्या फोटोत मला कीड दिसत नाहीये, स्प्रेनं भाजलंय तेवढंच. करपलेली पानं पूर्ण पिवळी पडली की काढा, अर्धी हिरवी असतील तर राहू द्या, नवीन पान मधून येतंय का ते बघा. ह्या झाडाला खरा धोका ऑक्टोबरात, खिडकीतली उष्ण कोरडी हवा नाहीतर एसी, आणि मग लाल कोळी. तेव्हा पानावर बारीक फिकट ठिपके दिसले, पान धुळकट वाटलं तर पांढरा कागद खाली धरून पान टिचकीनं झटका, कागदावरचे ठिपके चालायला लागले आणि बोटानं पुसल्यावर रेघ उमटली की समजायचं. पानं वरखाली ओल्या फडक्यानं पुसत राहणं हाच त्यावर सगळ्यात चांगला उपाय आहे. हा लाल कोळी म्हणजे माइट, पानाचा रस पिणारा अगदी बारीक जीव, जाळ्यातला मोठा कोळी नव्हे. तो मोठा, आणि भिंतीवर उड्या मारत फिरणारा छोटा केसाळ कोळी, हे दोघंही आपले, माश्या आणि मावा दोन्ही खातात, झाडूनं जाळी काढताना ग्रिलमधली तेवढी सोडा.

अजून दोन खुणा सांगते, ह्या फार सुंदर आहेत. पानाखाली किंवा चक्क ग्रिलच्या दांडीला केसासारख्या बारीक उभ्या दांड्यांच्या टोकाला पांढरट-हिरवे इवले दाणे दिसले तर ती बुरशी नव्हे, ती लेसविंगची अंडी आहेत, जाळीदार हिरव्या पंखांच्या नाजूक किड्याची. अळ्या बाहेर पडल्या की भुकेनं एकमेकींना खातात म्हणून आई प्रत्येक अंडं वेगळ्या दांडीवर ठेवते. आपण एखादी गोष्ट दुर्मिळ असली की उंबराचं फूल म्हणतो ना, तर कोरियात हीच अंडी बुद्धाच्या मूर्तीवर दिसल्यावर लोकांनी ती उंबराची फुलं समजून दर्शनाला गर्दी केलीये. ह्या अळ्या मावा, मिलीबग, पांढरी माशी सगळं खातात. दुसरी खूण म्हणजे माव्याच्या घोळक्यात मध्येच एखादा फुगलेला, गोल, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा सुकलेला मावा. त्याच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, ती आपल्याला चावणारी नाही, मुंगीपेक्षाही लहान असते. असे सुकलेले मावे दिसायला लागले की मी त्या झाडाला औषध मारत नाही.

राहता राहिला कढीपत्ता. चिमणीची शीट जी हलते ती फुलपाखराची अळी, कढीपत्त्यावर बहुतेक कॉमन मॉर्मन नाहीतर लिंबावरचं लाइम बटरफ्लाय. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी शिटेचं सोंग घेते, मग मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यातून लाल-नारिंगी दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन, तेही ह्यांच्याच नात्यातलं आणि लिंबू कुळातल्या झाडांवरच वाढतं. ही अळी पानं खाते, त्यात वाद नाही, म्हणजे नियमानं शत्रूच. पण दोन-तीन अळ्यांनी कढीपत्ता मरत नाही, परत फुटतो. झाड वीतभरच असेल तर अळ्या पानासकट उचलून खाली गार्डनमध्ये कढीपत्ता किंवा लिंबू असेल त्यावर नेऊन ठेवा, सासूबाईंचं म्हणणं तेवढं ह्या एका बाबतीत लागू पडेल. झाड कमरेएवढं असेल तर एक फांदी तिला द्या, फोडणीला दुसरीकडची पानं तोडा, आणि कोष झाला की मुलीला सकाळी लवकर उठवा, फुलपाखरू बहुतेक सकाळीच बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत तिथंच लटकून राहतं.